पुसलेली एकतिसावी ओळ

फोन नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून होता. पलीकडची मुलगी भरभर बोलत होती. पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेल्या एका बाईंनी त्यांच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, फक्त जुन्या ठिकाणची चौकशी राहिली होती.

‘चारच प्रश्न आहेत सर. पाच मिनिटं लागतील.’

तिसरा प्रश्न असा होता. ‘त्यांचा करार मुदतीआधी संपवला गेला. कारण लिहिलंय, फील्डवरची माहिती वेळेत कळवली नाही. हे बरोबर आहे का?’

मी म्हणालो, ‘मला दोन दिवस द्या.’

‘हो की नाही, एवढंच सांगायचंय सर.’

‘म्हणूनच दोन दिवस.’

असाच एक फोन चार वर्षांपूर्वीही आला होता, दुसऱ्या एका कंपनीतून. तेव्हा मी म्हणालो होतो, ‘कागदावर आहे तेच.’ अर्ध्या मिनिटात काम झालं होतं. तिला ती नोकरी मिळाली नाही. मी मुद्दाम चौकशी केली होती, म्हणून मला माहीत आहे.

मी फार बोलणारा माणूस नाही. हे लिहायलाही मला नऊ वर्षं लागली.

मी चंद्रपूरचा. पुण्यात वीस वर्षं काढली आणि घरून काम करायची सोय झाली तसा परत आलो. पहिली बारा वर्षं मी नुसता कोड लिहिला. मॅनेजर म्हणजे ज्याला कोड येत नाही आणि ज्याला दर तासाला ‘कुठवर आलं?’ असं विचारण्याखेरीज काम नाही, असं आमचं पक्कं मत होतं. आम्ही जेवताना त्यांच्या नकला करायचो. पुढे माझे साहेब एकदा म्हणाले, ‘गडचिरोलीचं एक काम आलंय. तू तिकडचाच ना?’ असा मी प्रोजेक्टचा प्रमुख झालो. त्या कामासाठी लागणारं एकही कौशल्य माझ्याकडे नव्हतं. मी फक्त तिकडचा होतो, आणि पुण्यात तेच शक्य तितकं लपवत होतो.

काम साधं होतं. आलापल्लीच्या पलीकडच्या काही गावांतले लोक रानातून मोह, चारोळीची चारं, आंबा असा माल गोळा करतात. त्याचं वजन गावातच करून टॅबवर नोंदवायचं, म्हणजे कुठल्या गावात किती माल निघाला ते मुंबईच्या एका संस्थेला बसल्या जागी दिसेल. ॲप आम्ही तीन महिन्यांत बनवलं. गावोगाव फिरून माणसांशी बोलायला चामोर्शीची एक मुलगी करारावर घेतली. कॉम्प्युटरची पदवी, वय चोवीस, स्वतःची स्कूटी. तिचं नाव इथे देत नाही. कागदपत्रांत ते आधीच नको तिथे गेलेलं आहे.

कामाची शीट मी बनवली होती. कोणतं काम, कोण करणार, कधी सुरू, कधी संपणार, असे चार रकाने. तिने पहिल्याच आठवड्यात पाचवा रकाना वाढवला: ‘कोणाला विचारायचं’. मला हसू आलं होतं. विचारायचं कोणाला म्हणजे काय, मला विचारायचं की!

एकतिसाव्या ओळीत तिने लिहिलं होतं: काम, मालाची पहिली नोंद. तारीख, गाव ठरवेल. कोणाला विचारायचं, गावचा गायता. शेरा, पंडुम झाल्याशिवाय नाही.

मी फोन केला. ‘तारखेच्या रकान्यात हे काय लिहिलंस?’

‘सर, तारीख नाईच आहे त्याले. पंडुम झाला का मग तोडणार.’

‘सण आहे ना तो? मग सुट्ट्यांच्या यादीत टाक एक दिवस.’

‘सुट्टी नाई सर ते. त्याच्या आंधी कोणी आंब्याले, चाराले हात नाई लावत.’

‘मग पंधरा तारीख धरून चाल.’

‘मी धरून काय होते सर? गावानं धराले पाह्यजे ना.’

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. पंडुम म्हणजे नवं फळ, नवं धान्य तोंडी लावण्याआधीचा गावाचा विधी. गायता म्हणजे तो विधी करणारा, गावच्या मातीचा पुजारी. आधी देवाला, पूर्वजांना द्यायचं, मग माणसांनी खायचं. दिवस गाव बसून ठरवतं. या गावचा आज, तर पुढच्या गावचा बारा दिवसांनी. कुठल्याही कॅलेंडरात तो छापलेला नसतो.

दर महिन्याला साहेबांसमोर शीट पडद्यावर लावायची असे. वेळेवर असलेलं काम हिरवं दिसायचं, अडलेलं लाल. ज्या ओळीला तारीखच नाही ती शीट आपोआप लाल करायची. साहेबांनी बोट दाखवलं. ‘हे एक लाल काय आहे?’

मी म्हणालो, ‘काही नाही, टायपिंगची चूक.’ आणि त्यांच्या देखत ती ओळ पुसून टाकली. खाली नवी लिहिली: पहिली नोंद, पंधरा तारीख. शीट हिरवीगार झाली. साहेब म्हणाले, ‘व्हेरी गुड.’ मुंबईच्या संस्थेतल्या पाहुण्यांना पंधरा तारखेलाच गाव दाखवायचं ठरलं.

तिला मी नवी शीट पाठवली. तिने उत्तरात एवढंच लिहिलं: ‘सर, ३१ नंबरची ओळ दिसत नाही.’ मी त्या मेलला उत्तर दिलं नाही.

पंधरा तारखेला आम्ही चंद्रपूरहून दोन गाड्यांनी निघालो. आलापल्लीला ती आमच्या गाडीत बसली, मागच्या सीटवर. गावाने अंगण झाडून ठेवलं होतं. ताडपत्री अंथरली होती, वजनकाटा मांडला होता, टॅब चार्ज करून लाकडी पेटीवर उभा केला होता. बाया-माणसं नीट कपडे घालून बसली होती. सगळं होतं. फक्त माल नव्हता.

गायता म्हातारा होता, काटकुळा. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

साहेबांनी विचारलं, ‘माल कुठाय?’

‘झाडावर,’ म्हातारा म्हणाला.

‘तोडला का नाही?’

‘पंडुम नाई झाला.’

‘कधी आहे?’

‘होईन.’

मुंबईच्या पाहुण्यांत एक बाई होत्या. त्या पुढे सरकल्या. ‘पण बाबा, दिवस ठरवतं कोण?’

म्हातारा हसला. ‘पयले झाड ठरवते. मंग आमी बसतो.’

‘मग तुम्ही आम्हाला आज का बोलावलंत?’

‘आमी कुठी बोलावलं? तुमी येतो म्हटलं. येणाऱ्याले नाई कसं म्हणाव?’

त्या बाई मोकळेपणाने हसल्या, वहीत काहीतरी लिहून घेतलं. साहेब हसले नाहीत. आज आठवलं की वाटतं, त्या अंगणात प्रोजेक्ट मॅनेजमेंट एकट्या त्या पाहुण्या बाईंना येत होतं. ज्याला विचारायला हवं त्याला त्यांनी विचारलं, आणि उत्तर आवडो न आवडो, लिहून घेतलं.

परतताना साहेब पुढच्या सीटवर होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, ‘आपल्याला हे कुणीच सांगितलं नव्हतं?’

मी म्हणालो, ‘फील्डकडून कळवलं गेलं नव्हतं.’

‘फील्ड’ माझ्यामागे हातभर अंतरावर बसली होती. मला वाटलं, आता ती बोलेल. मोबाइलमध्ये मेल होता, काढून दाखवला असता तरी पुरे होतं. ती काचेतून बाहेर सागवान बघत राहिली. आलापल्लीला उतरली, म्हणाली, ‘येते सर.’ महिनाभरात तिचा करार संपवला गेला. कारण काय लिहायचं ते मला विचारण्यात आलं होतं. मी सांगितलं ते वर आलंच आहे.

पुढे मी निस्तरलं. पंडुम झाल्यावर पाहुण्यांना पुन्हा नेलं, नोंदी झाल्या, काम मार्गी लागलं. ‘संकट छान हाताळलंस,’ असं म्हणून मला रीतसर प्रोजेक्ट मॅनेजर केलं. मी परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं. कामाशी ज्यांचा संबंध आहे अशा सगळ्यांना आधी ओळखा, असा त्या अभ्यासात एक भाग होता. त्यात मला जवळजवळ पैकीच्या पैकी पडले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण चंद्रपूरला परतल्यावर इथली कॉलेजं मला भाषणाला बोलावू लागली. विषय ठरलेला: आयटीत नुसता कोड येऊन भागत नाही, काम चालवता आलं पाहिजे. मी मनापासून बोलतो, कारण ते खरं आहे. कोड आज एका भाषेत आहे, उद्या दुसऱ्या. पण कशावर काय अडलंय, कोण कोणाची वाट बघतंय, कुणाला न विचारता आपण काय गृहीत धरलंय, हे ज्याला दिसतं त्याची गरज संपत नाही. आणि हे पटवायला मी दर वेळी पंडुमची गोष्ट सांगायचो. गाव, म्हातारा, झाडावरचा माल. मुलं पोट धरून हसायची. शेवटी मी म्हणायचो, ‘फील्डवरच्या माणसाने एक ओळ कळवली असती, तर हा दिवस वाया गेला नसता.’

टाळ्या पडायच्या.

त्या फोनच्या दोन दिवस आधी एका कॉलेजाने माझ्या भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकून मला पाठवला होता. तो आईने बघितला. आई ऐंशीच्या घरात आहे. मोबाइल कानाजवळ धरून तिने तो पूर्ण ऐकला, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘पंडुम तुले मालूम नोतं काय रे?’

मी म्हणालो, ‘लक्षात नव्हतं.’

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

आम्ही चंद्रपूरला येण्याआधी आई आलापल्लीजवळच्या एका गावात शाळामास्तरीण होती. आमच्या क्वार्टरच्या दारात आंब्याचं मोठं झाड होतं. कैऱ्या हाताला लागायच्या, पण आईने कधी पंडुमआधी एक तोडली नाही आणि आम्हाला तोडू दिली नाही. वडील जेवताना चिडवायचे, ‘दारात आंबा अन् घरात वरण फिक्कं! बाई, तुम्ही बौद्ध ना? तुम्हाला कसला पंडुम?’ आई म्हणायची, ‘झाड माह्या दारात आहे, गाव माह्या बापाचं नाई.’ मग एका सकाळी गावातल्या बाया टोपली भरून कैऱ्या दारात ठेवायच्या. टोपली आली म्हणजे पंडुम झाला. त्या दिवशी वरणात कैरी पडायची.

म्हणजे मला ठाऊक होतं. पुण्याच्या कुठल्याही माणसाला ठाऊक नसतं, आणि नसल्यामुळे त्याने निदान ‘हे काय असतं?’ असं विचारलं असतं. माझ्या साहेबांनी विचारलंच होतं: ‘हे एक लाल काय आहे?’ सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण सांगितलं असतं तर पडद्यासमोरच्या त्या सगळ्यांना कळलं असतं की ही असली गोष्ट मला आतून माहीत आहे, मी त्या दारातला आहे. मला त्याची लाज वाटली. ती ओळ मी अज्ञानाने पुसली नाही. लाजेने पुसली. तिची नोकरी गेली ती या लाजेपायी.

दोन दिवसांपैकी पहिला मी जुने मेल शोधण्यात घालवला. तिची मूळ शीट सापडली, पाच रकान्यांची. खाली तिचा प्रश्न: ३१ नंबरची ओळ दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आष्टीचा पूल ओलांडून चामोर्शीला गेलो. कापणी झालेल्या शेतात धानाचे पुंजणे उभे होते. तिचं घर विचारत गेलो. तिचे वडील ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी ‘बसा भाऊ’ म्हणून खुर्ची दिली आणि आत हाक मारली.

ती बाहेर आली. तेहतीस वर्षांची झाली होती. घरूनच काम करते म्हणाली, एका छोट्या कंपनीसाठी, चार-चार प्रोजेक्ट एकटी सांभाळते. ‘पद काईच नाई सर. काम सगळं.’ म्हणून हा अर्ज.

मी फोनबद्दल सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या फोनबद्दल आणि भाषणाच्या व्हिडिओबद्दलही सांगितलं. मग म्हणालो, ‘ती ओळ मी पुसली होती.’

‘मले मालूम आहे. शीट माह्याकडंबी होती ना.’

‘मग गाडीत बोलली का नाहीस?’

‘तुमी बोलाल म्हणून वाट पाहून राह्यली होती. आलापल्लीपर्यंत पाह्यली. मंग उतरली.’

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला वाटलं की संपलं, सुटलो. निघण्याआधी उरलेलंही सांगून टाकावं म्हणून मी आईबद्दल बोललो. आंब्याबद्दल, टोपलीबद्दल.

ती खुर्चीत सरळ बसली. ‘म्हणजे पंडुम तुमाले मालूम होता?’

‘हो.’

वडिलांनी पेपर खाली ठेवला.

‘मले वाटे, पुण्याचा माणूस, त्याले काय समजते. असं म्हणून म्या सोडून देल्लं होतं तुमाले,’ ती म्हणाली. ‘आता कठीण करून टाकलं तुमी.’

उठावं की बसावं कळेना. शेवटी, नऊ वर्षांत जे विचारायला हवं होतं ते विचारलं. ‘तो पाचवा रकाना तुला सुचला कुठून?’

तिने वडिलांकडे मान वळवली. ‘बाबाच्या यादीतून.’

वडील म्हणाले, ‘ते काय एवढं भाऊ. दर साली आमचा मोहल्ला चंद्रपूरले दीक्षाभूमीवर जाते. दोन ट्रॅक्टर, साठ-सत्तर माणूस, म्हातारे, लेकुरवाळ्या. यादी मी करतो. पाणी कोण घेईन, भाकरी कोण बांधीन, मांगं ढोराले चारा कोण टाकीन. पयले पयले मी वेळ लिवायचो. चारले निंगायचं, नवाले पोचायचं. लोक भांडत. माही घडी मांगं, तुही घडी पुढं. मंग वेळ लिवनंच सोडलं. नाव लिवतो. पान्याचं कोणाले विचारायचं, त्याचं नाव. वेळेवरून भांडणारा माणूस नाव लागलं का आपोआप येते.’

‘आणि कोणी नाहीच आला तर?’

‘तं माह्यापाशी येऊन सांगते, नाई जमत म्हणून. सांगाले भेव नाई वाटत ना माह्यापाशी.’

मी वही काढून हे लिहून घेतलं. तिने ते पाहिलं.

निघताना विचारलं, ‘त्यांना काय लिहू?’

‘झालं ते लिवा. गोड नका लिवू. गोड लिवलं का लोकाले संशय येते.’

त्या संध्याकाळी मी मेल लिहिला. तिने कळवलं होतं, मी पुसलं होतं. नंतर मी खोटं बोललो, कागदावरचं कारण माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं आहे. सोबत दोन्ही शीट आणि तिचा तो एका ओळीचा मेल जोडला. मेलची एक प्रत माझ्या कंपनीलाही पाठवली. ते साहेब आता कंपनीत नाहीत, पण कागद तिथेच आहे आणि तो बदलायला हवा. कंपनीने लेखी खुलासा मागितला. तो दिला. पुढच्या कामाचं प्रमुखपद माझ्याकडून काढून घेतलं आहे आणि मी पुन्हा कोड लिहितो आहे. तक्रार नाही.

नागपूरची ती भरभर बोलणारी मुलगी फोनवर म्हणाली, ‘सर, असं उत्तर आमच्या फॉर्मात बसतच नाही. वर पाठवावं लागेल.’

अकरा दिवस काही कळलं नाही. बाराव्या दिवशी चामोर्शीहून तिचा फोन आला. तिला तिसऱ्यांदा बोलावलं होतं. माझा मेल समोर ठेवून एकच प्रश्न विचारला होता: मॅनेजर तुमची ओळ पुसायला लागला तर काय कराल?

‘मग? काय सांगितलंस?’

‘म्हटलं, त्या टायमाले मी नुसता मेल पाठवला अन् गप बसली. आता पुसायच्या आंधी ते ओळ मीटिंगमधी मोठ्यानं वाचून दाखवीन. मंग पुसा म्हणीन.’

‘आणि?’

‘सोमवारपासून जॉइन. घरूनच आहे.’ मग म्हणाली, ‘तुमच्या त्या भाषणाचा व्हिडिओ आहे ना, तो काढा.’

‘कॉलेजला कळवलंय. काढतील.’

‘काढतील नाई सर. कोणाले विचारायचं, त्याचं नाव सांगा. मी विचारते.’

मी नाव सांगितलं. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

आई शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, ‘लागली काय पोरगी?’

‘लागली.’

‘अन् तुले माफ केलं काय तिनं?’

‘विचारलं नाही.’

‘नोको विचारू,’ आई म्हणाली. ‘तिचं ती ठरवन.’